पैठणी

पैठणी : रेशमी पोत, जरीचे काठ आणि जरीच्या भूमीवर रंगीत रेशमाची वेलबुट्टी विणलेला पदर असलेले महाराष्ट्रातील हातमागाचे वस्त्र. गोदावरीकाठच्या पैठण (छत्रपती संभाजीनगर—पूर्वीचा औरंगाबाद—जिल्हा) या गावावरून त्यास हे नाव मिळाले. तथापि त्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर नासिक जिल्ह्यातील येवले व त्याच्या आसपासच्या गावांत होते. पूर्वी या प्रकारात नऊवारी लुगडी, शेले व दुपट्टे विणले जात. हल्ली मुख्यतः सहावारी साड्या विणल्या जातात.

रेशीम व जर ही सामग्री बनारस, कांचीपुरम् इ. केंद्रांतही वापरली जाते. पैठणी त्यांच्या वस्त्रांहून वेगळी ठरते ती बाण्याच्या मांडणीमुळे. सामान्य कापडात बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत अखंड जातो आणि नक्षी हवी असल्यास त्याच्या जोडीला जादा धागा घालतात. पैठणीच्या पदरात असा अखंड बाणाच नसतो. प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरत्या क्षेत्रातच मागेपुढे फिरतो, आणि मोराची मान, पाकळी किंवा भोवतीची जरीची भूमी हे सर्व कापडावर चढविलेले नसून तेच कापड असते. त्यामुळे अस्सल पदराची सुलट व उलट बाजू जवळजवळ सारखी दिसते. विणकामाच्या या प्रकाराला पाश्चात्त्य परिभाषेत टॅपेस्ट्री विणकाम म्हणतात [⟶ चित्रजवनिका].

विणकामाचे तंत्र : कच्च्या रेशमावर सेरिसीन या चिकट द्रव्याचे आवरण असते. ते साबण व सोडा यांच्या द्रावणात उकळून काढतात. त्यात रेशमाचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटते, पण त्याला झळाळी व मृदुता येते. नंतर रंगविलेले रेशीम रहाटावर गुंडाळून ताणा तयार करतात. नव्या ताण्याचा प्रत्येक धागा मागावर उरलेल्या जुन्या ताण्याच्या धाग्याला एकेक करून जोडतात. या कामाला ‘सांधणी’ म्हणतात. हजारो धागे अशा रीतीने जोडावयाचे असल्याने ते वेळखाऊ असते, परंतु वह्या व फणी यांतून प्रत्येक धागा नव्याने ओवण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. माग परंपरेने खड्डामाग असतो : विणकर जमिनीलगत बसतो व पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. त्यामुळे ताण्याचे निम्मे धागे वर व निम्मे खाली होऊन मध्ये फट पडते व तीतून बाणा टाकला जातो.

साडीचे अंग विणताना तीन धोटे लागतात : मधल्या भागासाठी एक व दोन्ही काठांसाठी एकेक. अंगाचा धागा काठाच्या सीमेपर्यंत येतो, काठाच्या धाग्यात गुंततो आणि माघारी वळतो. अशा जोडकामाला ‘कडियाल’ म्हणतात. त्यामुळे काठाचा रंग अंगात मिसळत नाही व अंगाचा काठात उतरत नाही. दोन्ही रंग आपापल्या जागी शुद्ध राहतात. एकाच धोट्याने किनारीपासून किनारीपर्यंत विणलेल्या साडीत हे शक्य नसते. तेथे काठाच्या ताण्यावर अंगाचाच बाणा चढतो व काठाचा रंग मिश्र होतो.

पदर सुरू झाला की धोट्याचे काम जवळजवळ थांबते. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी, आणि एकच रंग चार ठिकाणी असेल तर चारही ठिकाणांसाठी, स्वतंत्र लहान कांडी लागते. तिला ‘तिल्ली’ म्हणतात. रुंद पदराच्या एका ओळीत डझनांनी मोजाव्या लागतील इतक्या तिल्ल्या लोंबकळत असतात. विणकर ताण्याचे धागे बोटांनी मोजतो, ठरलेल्या संख्येखालून तिल्ली काढतो, शेजारच्या रंगाशी तिचा धागा गुंतवतो आणि पुढच्या तिल्लीकडे वळतो. अशी पूर्ण ओळ झाल्यावरच फणीचा एक ठोका पडतो. दाट नक्षीचा पदर म्हणूनच दिवसाकाठी काही सेंटीमीटरच पुढे सरकतो. पदराच्या विस्तारानुसार एका साडीला महिन्यापासून वर्षाहूनही अधिक काळ लागू शकतो.

या पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग म्हणजे दोन रंगांमधील सांधा. लगतच्या दोन रंगांचे धागे सीमेवर एकमेकांना न भेटताच माघारी फिरले, तर जेथे सीमा उभी असते तेथे कापडात चीर राहते. सीमा तिरपी असेल तर ही अडचण येत नाही, कारण दर ओळीला सीमा एकेक धागा सरकते आणि चीर लांबू शकत नाही. काठावरील करवतीसारखी दातेरी नक्षी अनेक विणकामांत आढळते, तिच्यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच ही तांत्रिक सोयही आहे. उभ्या सीमेसाठी मात्र उपाय योजावाच लागतो, व तो मुख्यतः तीन प्रकारचा आहे. चीर तशीच ठेवावयाची, हा पहिला. दोन्ही रंगांचे धागे सीमेवरील एकाच ताण्याच्या धाग्याला आळीपाळीने वळसा घालतात, हा दुसरा. यात सीमा किंचित दातेरी दिसते व तेथे कापड जाड होते. तिसऱ्यात दोन्ही धागे ताण्याच्या दोन धाग्यांमधील जागेत एकमेकांना कडीसारखे अडकवून माघारी फिरवितात. पैठणीत तिन्हींचा उपयोग होतो, पण तिची ओळख तिसरा प्रकारच आहे. त्याने सीमा रेघेसारखी स्वच्छ येते, कापड अखंड राहते आणि पाठीमागे काही लोंबत नाही.

कडी अडकविण्याचीही दोन रूपे आहेत. शेजारचे दोन धागे एकाच ओळीत परस्परविरुद्ध दिशांनी येऊन भेटत असतील, तर ते एका ओळीत गुंततात व पुढच्या ओळीत एकमेकांपासून दूर जातात. ही एकेरी कडी होय. तीत सांधा सपाट राहतो व कापड दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. दोन्ही धागे एकाच दिशेने जात असतील, तर प्रत्येक ओळीत गुंतवणी होते. ही दुहेरी कडी अधिक बळकट, पण तिच्यामुळे कापडाच्या एका बाजूस वरंबा उमटतो.

याच तत्त्वाची इतर विणकामे : सांध्याची निवड ही कापडाच्या उपयोगावर अवलंबून असते, हे अन्य प्रदेशांतील विणकामांशी तुलना केल्यास स्पष्ट होते. अनातोलियातील किलीम हे जमिनीवर अंथरावयाचे जाड लोकरी कापड. त्यात चिरा ठेवतात आणि त्या लांबू नयेत म्हणून नक्षीच तिरप्या, पायऱ्यापायऱ्यांच्या रेषांची योजतात. चीनमधील रेशमी केस्सी या विणकामातही चिरा राहतात. ‘कापलेले रेशीम’ असा त्याच्या नावाचा अर्थ लावला जातो. फ्रान्समधील गॉब्लँ येथील भिंतीवर लावावयाच्या मोठ्या चित्रजवनिकांत लांब चिरा मागाहून सुईने शिवतात. त्यांत बाणा इतका दाबून बसवितात की ताणा दिसतच नाही. पैठणीत तसे नसते. तिचा पदर अंगाभोवती पडला पाहिजे, म्हणून बाणा तितका ठासत नाहीत, आणि पदराच्या सोन्यात ताण्याच्या रंगाची सूक्ष्म झाक उतरते.

भारतात काश्मीरची कानी शाल ही पैठणीची सर्वांत जवळची नातलग होय. तीतही प्रत्येक रंगासाठी वेगळी लाकडी काडी असते, मात्र पोत साधा नसून तिरप्या विणीचा असतो व दुहेरी कडीमुळे पाठीवर बारीक वरंबे दिसतात. शाल एका बाजूनेच मिरवावयाची असल्याने त्याने बिघडत नाही. काश्मिरी विणकर ‘तालीम’ या सांकेतिक लिपीतील कागदावरून काम करतात, तर पैठणीत नक्षी बरीचशी विणकराच्या स्मरणात व त्याच्या मोजणीत असे. कांचीपुरम् येथील ‘कोर्वै’ साड्यांत अंग व काठ तीन धोट्यांनी गुंतवितात. त्यासाठी विणकराच्या जोडीला मदतनीस लागतो. विदर्भातील टसर रेशमाची करवतकाठी ही याच कुळातील साडी होय.

इतिहास : पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. या प्राचीनत्वाचा आधार घेऊन पैठणीची परंपरा दोन हजार वर्षांची असल्याचे नेहमी सांगितले जाते. हे विधान सावधपणे घ्यावयास हवे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ दि इरिथ्रियन सी या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणचा उल्लेख आहे, परंतु तेथून येणारा माल म्हणून गोमेदासारख्या रंगीत खड्यांची नोंद केलेली आहे. मलमल व इतर कापड येत असे ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील तगर, म्हणजे आजचे तेर, येथून. तो माल जरीचा किंवा रेशमी असल्याचे त्यात म्हटलेले नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील कमळे व हंस पैठणीच्या पदरावर दिसतात हे खरे. पण आकृतिबंध चित्रातून मागावर केव्हाही उचलता येतो. त्यावरून विणकामाच्या पद्धतीचे वय ठरत नाही. दक्षिणापथातील हा व्यापारी मार्ग आणि त्यावरील वस्त्रव्यवसाय प्राचीन आहेत, एवढे निश्चित.

मोगल काळात पैठणीच्या नक्षीत फुलांच्या वेलींना प्राधान्य आले. ‘असावली’ हा फुलापानांचा नमुना त्या वळणाचा आहे. पेशवाईत या वस्त्राला मोठा आश्रय मिळाला. लाल, हिरव्या, केशरी, डाळिंबी अशा रंगांच्या असावली दुपट्ट्यांची मागणी पेशव्यांच्या पत्रव्यवहारात आढळते. पेशवाई संपल्यावर निजामाच्या दरबाराने व मराठी सरदार घराण्यांनी मागणी काही काळ टिकविली. पण मुळात हे वस्त्र आश्रयावर पोसलेले होते. राजदरबार गेले आणि लग्नकार्यासाठी एखादी पैठणी करणारी मध्यमवर्गीय कुटुंबे हेच मुख्य गिऱ्हाईक उरले, तेव्हा विणकरांची संख्या घटली. स्वातंत्र्योत्तर काळात राज्याच्या लघुउद्योग विकास महामंडळाने पैठण येथे प्रशिक्षण व उत्पादन यांचे केंद्र चालविले. तेथे स्त्रियाही मागावर बसू लागल्या. घरगुती धंद्यात त्यांच्याकडे पूर्वी मुख्यतः रेशीम उकलणे, कांड्या भरणे अशी पूरक कामे असत.

सामग्री, रंग व नक्षी : रेशीम मुख्यतः बंगलोरहून व जर सुरतेहून येते. पूर्वीची जर म्हणजे चांदीची तार. ती चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळीत व तिच्यावर सोन्याचा मुलामा असे. अशा जुन्या पैठण्या जीर्ण झाल्यावर जाळून त्यांतील चांदी काढून घेण्याची चाल होती, आणि विणकामाचे कितीतरी उत्कृष्ट नमुने त्या चालीतच नष्ट झाले. हल्लीच्या जरीत तांब्याची तार किंवा धातूचा लेप दिलेला कृत्रिम धागाही वापरतात.

ताणा व बाणा भिन्न रंगांचे घेतल्याने अंगावर हलताना रंग बदलल्याचा भास होतो. यास धूपछाव म्हणतात. तांबड्या काठाची काळी चंद्रकळा, कुसुंबी, मोतिया, नीळगुंजी, पोफळी ही रंगांची नावे जुन्या पिढीतील बायकांच्या बोलण्यात अजून येतात. काठाच्या नक्षीत नारळी व मुनिया (पोपट) हे नमुने सर्वपरिचित आहेत. पदरावर मोर, बांगडीतील मोर, पोपट, कोयरी, कमळ व असावली हे प्रमुख होत. अंगावर विरळ बुट्टी असते.

अनुकरण व पारख : अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मागात झालेल्या दोन मोठ्या सुधारणा पैठणीच्या पदराच्या फारशा उपयोगी पडल्या नाहीत. जॉन के याचा उडता धोटा (१७३३) एका किनारीपासून दुसरीपर्यंत झेपावतो. ज्या कापडात बाणाच तुकड्यांचा आहे, तेथे त्याला जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या जाकार यंत्रणेमुळे नक्षीनुसार ताण्याचे धागे आपोआप उचलले जातात. त्यामुळे मोजणीचे श्रम वाचतात, परंतु दोन रंग एकमेकांत गुंतविण्याचे काम ती करीत नाही. यंत्रमागावर पैठणीसारखे दिसणारे कापड काढावयाचे तर नक्षीचा धागा अखंड किंवा जादा घालावा लागतो आणि जेथे तो नको असेल तेथे तो पाठीमागे मोकळा लोंबतो. मागाहून तो कापतात.

कानी शालीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात तिला प्रचंड मागणी होती. स्कॉटलंडमधील पेझ्ली इ. ठिकाणी जाकार मागांवर तिची अनुकरणे अत्यल्प किंमतीत निघू लागली. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फॅशनही पालटली व काश्मीरचा शालव्यापार कोसळला. कानी विणकामाला पुन्हा ऊर्जित दशा येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. पैठणीची स्थिती वेगळी अशासाठी की, तिची मागणी ओसरलेली नाही, उलट वाढली आहे. पण वाढलेल्या मागणीचा मोठा हिस्सा अनुकरणाकडे जातो.

बाजारात पैठणी या एकाच नावाखाली निदान तीन प्रकारची वस्त्रे मिळतात. पहिले, वर वर्णिलेले तुटक बाण्याचे विणकाम. दुसरे, हातमागावरच, पण जाकार लावून जादा बाण्याने विणलेली ‘ब्रोकेड’ पैठणी. ती येवल्यास मोठ्या प्रमाणावर होते आणि पुष्कळ कमी वेळात तयार होते. तिसरे, यंत्रमागावरील नक्कल. पाठीमागे सुटे धागे दिसले की साडी यंत्रमागाचीच, असा सर्वसाधारण समज आहे, तो बरोबर नाही. हातमागावरील ब्रोकेडमध्येही ते असतात, औरंगाबादच्या हिमरूतही असतात. सुट्या धाग्यांवरून एवढेच कळते की, नक्षी गुंतवून विणलेली नाही. पारख करताना पदर उलटून नक्षीची कड पाहावी. दोन रंग एकमेकांना अडकून लगेच माघारी फिरलेले दिसले, आकृती दोन्ही बाजूंनी सारखी असली आणि एकाच नक्षीच्या दोन मोरांत धाग्या-दोन धाग्यांचा फरक आढळला, तर काम हाताचे आहे. काठ व अंग यांच्या सांध्याचीही अशीच तपासणी करावी. जर तापवून किंवा घासून पाहण्याची दुकानी पद्धत मात्र येथे निरुपयोगी आहे. तिच्यावरून जरीचा कस कळेल, विणकामाचा नव्हे.

कायदा व प्रमाणचिन्हे यांची मदत मर्यादित आहे. हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) अधिनियम, १९८५ अन्वये साडीचे काही प्रकार हातमागासाठी राखीव झाले. पैठणीची भौगोलिक निर्देशन म्हणूनही नोंद झालेली आहे. रेशीमचिन्ह (२००४) रेशमाच्या शुद्धतेची ग्वाही देते, तर हातमागचिन्ह (२००६) कापड हातमागाचे असल्याची. पदर गुंतवून विणलेला आहे की जादा बाण्याचा, हे यांपैकी कोणतेही चिन्ह सांगत नाही, आणि विणकराच्या मजुरीच्या दृष्टीने निर्णायक फरक नेमका तोच आहे. सहा महिने पदरावर बसलेल्या विणकराची साडी व दोन-तीन आठवड्यांत उतरलेली साडी एकाच नावाने शेजारी मांडल्या जातात, तेव्हा पहिलीची किंमत अवाजवी वाटते, आणि विणकर दुसरीकडे वळतो. साडीवर विणकामाच्या पद्धतीचा स्पष्ट उल्लेख करणे बंधनकारक केल्यास ही गल्लत बरीच कमी होईल.

हौशी विणकरांसाठी : पैठणीचा माग घरी बाळगणे अवघड असले, तरी तिचा सांधा शिकण्यास लाकडी चौकट पुरते. सुमारे ३० सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच चौकटीवर वर-खाली खिळे ठोकून पीळदार सुती दोऱ्याचा ताणा सेंटीमीटरला तीन-चार धागे या बेताने ओढावा. बाण्यास प्रथम लोकर घ्यावी. रेशीम निसरडे असल्याने नवशिक्याच्या हाती चुका लपून राहतात व मागाहून उसवतात. दोन रंगांचे दोन उभे पट्टे विणावेत. एक धागा डावीकडून व दुसरा उजवीकडून सीमेवर आणावा, दोन ताण्यांमधील जागेत एकमेकांत अडकवावा आणि पुढच्या ओळीत दोन्ही माघारी न्यावेत. अडकविताना नेहमी एकाच रंगाचा धागा वरून घ्यावा. क्रम बदलला की सीमेची रेघ डगमगते. कडी फार ओढली तर सांध्याजवळ ताणा गोळा होतो, फार सैल सोडली तर पाठीवर फुगवटे येतात. बाणा सरळ न घालता किंचित कमानीसारखा घालून मग फणीने किंवा साध्या काट्याने बसवावा, म्हणजे कडा आत ओढल्या जात नाहीत. उभा सांधा साधल्यावर तिरपी सीमा, नंतर त्रिकोण व करवतकाठ, आणि त्यानंतरच वक्र आकृती हा क्रम सोयीचा असतो. वक्र आकृतीसाठी नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवून प्रत्येक ओळीत कोणत्या रंगाला किती धागे याची संख्या लिहून ठेवतात. लोकरीत हात बसल्यावर पीळदार सुती धागा, व त्यानंतर रेशीम घेण्यास हरकत नाही. जर मात्र शेवटी घ्यावी, कारण तिची गुंडाळी एकदा दुमडली की पुन्हा सरळ होत नाही.